दुसऱ्यांच्या आराखड्यांवर साठ वर्षे

माझगावच्या गोदीत ब्रिटिश आराखड्यावरून ‘आयएनएस निलगिरी’ ही युद्धनौका आकाराला येत होती, साधारण त्याच काळात समुद्रापासून दूर, नाशिकजवळ ओझरच्या माळावर रशियन आराखड्यांवरून लढाऊ विमाने तयार होऊ लागली होती.

मिग-२१ चा सोव्हिएत संघाशी करार झाला १९६२ साली. त्याच वर्षी, चीनच्या युद्धाच्या धामधुमीत, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ मध्ये नाशिकने त्यांना लोकसभेवर बिनविरोध निवडून दिले. कारखाना ओझरला आला याचे श्रेय नाशिककर आजही त्यांनाच देतात. काम तीन ठिकाणी वाटले गेले: सांगाडा नाशिकला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला. १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्स स्थापन झाली आणि ओझर तिचा विभाग बनला. पंचक्रोशीत मात्र ‘मुलगा मिगमध्ये आहे’ एवढे म्हटले की काम भागते.

सुरुवातीला रशियाहून सुटे भाग यायचे आणि इथे फक्त जोडले जायचे. हळूहळू भागही इथेच घडू लागले. १९७० मध्ये कच्च्या मालापासून देशात घडवलेले पहिले मिग-२१ तयार झाले. या कारखान्याच्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच मजल. कागदावरची मापे धातूत तंतोतंत उतरवणारे कामगार उद्घाटनाची फीत कापून मिळत नाहीत. त्यांची एक पिढी घडावी लागते. देशात साडेसहाशेहून अधिक मिग-२१ बनली. पाठोपाठ मिग-२७ आले. सुखोई-३० चा परवाना करार २००० सालचा, आणि ओझरहून पहिले विमान हवाई दलाला मिळाले २००४ मध्ये. २०१६ मध्ये ब्राह्मोस क्षेपणास्त्रासाठी फेरबदल केलेले सुखोईही इथूनच उडाले.

पण परवान्यावर बांधणाऱ्याला ‘कसे’ कळते. ‘असेच का’ हे मूळ आराखडा काढणाऱ्याकडेच राहते. शिवाय कारखाना सदैव पुढच्या मागणीकडे डोळे लावून बसलेला. दोनशेहून अधिक सुखोई बांधून झाल्यावर दुरुस्ती आणि ओव्हरहॉलचे काम हाती होते, तरी नव्या विमानाचे काय, ही काळजी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये होती, तशीच सुटे भाग पुरवणाऱ्या लघुउद्योजकांनाही होती. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२ सुखोईंची मागणी आली. तिने थोडा दिलासा दिला, इतकेच.

मग २०२५ साल उजाडले. २६ सप्टेंबरला चंडीगडमध्ये मिग-२१ ने हवाई दलाचा निरोप घेतला. बरोबर तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरमध्ये बनलेले पहिले तेजस एमके-१ए संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या उपस्थितीत आकाशात झेपावले. ज्या कारखान्याने मिगची घडण केली, त्याच्या हाती पहिल्यांदाच देशात आखलेले लढाऊ विमान आले. वर्षाला आठ तेजस बांधण्याची क्षमता इथे उभी केली आहे.

त्यांच्या पोटातले इंजिन मात्र अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचे. ते वेळेवर आले नाही, म्हणून हवाई दलाला तेजस मिळणेही लांबले. मिगची इंजिने निदान कोरापुटला तरी बनत होती.