कीर्तीचा खर्च कोणाच्या खात्यावर? ‘व्हॉक्स लक्स’चे विवेचन

पॉप गायिकेने कीर्तीची काय किंमत मोजली असे विचारले की दारू, अमली पदार्थ आणि मोडलेले संसार ही यादी ठरलेली असते. पण ही किंमत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते. तिच्यावर मासिके खपतात आणि मैफलींची तिकिटेही विकली जातात. या लेखात छुपी किंमत म्हणजे करारात जिचा उल्लेख नसतो आणि जी बहुतेक वेळा सही न केलेल्या माणसाला फेडावी लागते, ती. ही व्याख्या धरून पाहिले तर दिग्दर्शक ब्रॅडी कॉर्बेट यांचा ‘व्हॉक्स लक्स’ (२०१८) हा या विषयावरचा फार महत्त्वाचा चित्रपट ठरतो, त्यातल्या एका मोठ्या दोषासकट.

कथा १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंडवर सुरू होते. शाळेच्या संगीतवर्गात एक विद्यार्थी गोळीबार करतो. सेलेस्ट ही मुलगी ‘आपण मिळून प्रार्थना करू’ म्हणत त्याला थोपवू पाहते आणि जबर जखमी होते. गोळी मणक्यात कायमची राहते. पुढे शोकसभेत ती बहीण एलिनॉरबरोबर रचलेले गाणे गाते आणि देश ते उचलून धरतो. इथे एक बारीक घटना घडते. व्यवस्थापकाच्या सल्ल्यावरून गाण्यातला ‘मी’ बदलून ‘आम्ही’ केला जातो. दुःख तिचे एकटीचे राहत नाही, सगळ्यांचे होते आणि गाणे गाजते. या बदलात कोणाचाही दुष्टपणा नाही. ज्यूड लॉने रंगवलेला व्यवस्थापक मुलीची काळजीही घेतो. प्रत्येक निर्णय त्या त्या क्षणी शहाणपणाचाच वाटतो, म्हणून तर किंमत कोणाच्या लक्षात येत नाही. किशोरवयीन मुलीला स्वतःचे दुःख स्वतःपाशी ठेवायला जागा उरलेली नाही, हे तिथे कोणीच बोलत नाही. हा पहिला खर्च.

दुसरा खर्च शरीराचा. मानेवरची खूण झाकणारा पट्टा हळूहळू सेलेस्टच्या वेशभूषेचा भाग होतो, आणि मणक्यात गोळी असलेल्या त्या शरीराला नृत्यात तयार केले जाते. नटाली पोर्टमनने साकारलेली मोठी सेलेस्ट रंगमंचामागे अक्षरशः कोसळते, रडते. बहीण तिला सावरते आणि थोड्या वेळाने ती निर्दोष नाचते. हे अतिरंजित वाटत असेल तर पॉप गायिका ब्रिटनी स्पीअर्सचे प्रकरण आठवावे. २००८ ते २०२१ या काळात न्यायालयाने नेमलेल्या पालकत्वाखाली तिला स्वतःच्या पैशांचा निर्णय घेता येत नव्हता, आणि याच काळात तिचे अल्बम निघत होते, लास व्हेगासमध्ये वर्षानुवर्षे कार्यक्रम होत होते. कामापुरती सक्षम आणि बाकी सगळ्यासाठी अक्षम, अशी ती व्यवस्था होती.

तिसरा खर्च नात्यांचा, आणि चित्रपटाचे खरे बळ इथे आहे. कथा २०१७ मध्ये येते तेव्हा सेलेस्ट एकतीस वर्षांची आहे आणि तिला आल्बर्टीन नावाची किशोरवयीन मुलगी आहे. तिला वाढवले आहे ते एलिनॉरने. गाणी रचण्यात एलिनॉरचा हात, मूल सांभाळण्यात एलिनॉरचे हात, आणि रागाच्या भरात बोल ऐकायचे तेही तिनेच. जिच्या श्रमावर हा डोलारा उभा आहे तिचे नाव कोणत्याही फलकावर नाही. तरुण सेलेस्ट आणि आल्बर्टीन या दोन्ही भूमिका रॅफी कॅसिडी या एकाच अभिनेत्रीला देणे ही दिग्दर्शकाची सर्वांत अर्थपूर्ण निवड. उपाहारगृहातल्या प्रसंगात आई स्वतःबद्दल अखंड बोलत सुटते आणि समोर तिचाच जुना चेहरा मुकाट ऐकत बसलेला असतो. थकबाकी पुढच्या पिढीच्या नावावर चढली आहे, हे सांगायला वेगळा संवाद लागत नाही.

आता दोष. शेवटाकडे निवेदक सांगतो की जखमी अवस्थेत सेलेस्टने सैतानाशी सौदा केला होता. कल्पना परिणामकारक आहे, पण तिने विश्लेषण ढिले पडते. माणसांनी कागदावर ठरवलेली गोष्ट दैवाच्या माथी मारली जाते. पैशाच्या हिशेबाकडे तर चित्रपट जवळजवळ फिरकतच नाही. ध्वनिमुद्रण कंपनी कलाकाराला आगाऊ रक्कम देते आणि ती, ध्वनिमुद्रणाचा खर्च, बऱ्याचदा चित्रफितीच्या खर्चाचा वाटाही, कलाकाराच्या मानधनातून आधी वळती करून घेते. म्हणूनच टीएलसी या अमेरिकन त्रयीचा ‘क्रेझीसेक्सीकूल’ हा अल्बम तुफान खपत असताना १९९५ मध्ये त्या तिघींवर दिवाळखोरीचा अर्ज करण्याची वेळ आली. हा हिशेब पडद्यावर आला असता तर एलिनॉरचे फुकटचे श्रमही त्याच वहीत दिसले असते.

आणि वहीत लिहिलेले बदलता येते. दक्षिण कोरियात २००९ मध्ये टीव्हीएक्सक्यू या पॉप गटाचे तीन गायक तेरा वर्षांच्या कराराविरुद्ध न्यायालयात गेले. त्याच वर्षी तिथल्या न्याय्य व्यापार आयोगाने कलाकारांसाठी नमुना करार जाहीर केला आणि त्याची मुदत सात वर्षांवर आणली.