विंचू, महाड आणि एक जुनी गोळी

नीरा नरसिंहपूर म्हणजे संगमाचा घाट, जुनी दगडी बांधकामं, पडक्या भिंती. विंचवाला राहायला आणखी काय हवं? विंचू 'उतरवणारा' माणूस आपल्याकडे गावोगाव असायचा. मंत्र, झाडपाला, आणि सकाळपर्यंत माणूस बरा! याला थोतांड म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण माणसं बरी व्हायची हे खरंच होतं. कारण बहुतेक विंचूदंशात नुसता ठणका लागतो आणि दिवसभरात तो आपोआप उतरतो. श्रेय मांत्रिकाला.

गोम अशी, की आपण सगळे ठणक्यावरून विष मोजत होतो. प्रत्यक्षात दिसायला भयंकर अशी काळी इंगळी सहसा माणूस मारत नाही. मारतो तो लहानखुरा तांबडा विंचू. त्याच्या दंशानंतरही ज्याला फक्त जीवघेणा ठणका आहे तो बहुधा वाचतो. ज्याला उलट्या होतात, दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात, त्याची खरी काळजी.

हे नीट लिहून ठेवलं ते घाटाखाली, महाडकडे. जालना जिल्ह्यातल्या देहेडच्या गरीब घरातले डॉ. हिंमतराव बावस्कर नागपूरला डॉक्टर झाले आणि १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. कोकणात तांबडा विंचू भरपूर, आणि दंश झालेले रुग्ण, त्यात लहान मुलं, डोळ्यांदेखत जात. स्टिरॉइड, ॲट्रोपिन, झोपेची औषधं असं जे सुचेल ते देण्याचा तो काळ. बावस्करांनी केलं ते ऐकायला अगदी साधं आहे. ते रुग्णाच्या उशाशी बसून राहिले. नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची तासातासाने नोंद.

त्यातून चित्र स्पष्ट झालं. या विषाने शरीरात ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो. रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदय दमतं आणि शेवटी फुफ्फुसात पाणी भरून माणूस जातो. धोक्याची ही पूर्वलक्षणं सांगणारा त्यांचा लेख १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. पण आजार कळला म्हणजे औषध सापडलं असं नाही. रक्तवाहिन्या सैल करणारं सोडियम नायट्रोप्रुसाइड होतं, पण ते शिरेतून थेंब मोजत द्यायचं, सतत रक्तदाब बघत. खेड्यात हे कोण करणार?

उत्तर निघालं रक्तदाबाच्या एका गोळीत. प्राझोसीन. फायझर कंपनीने काढलेलं हे औषध, १९७६ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, ती रक्तदाबासाठी. विंचू कंपनीच्या स्वप्नातही नसणार! पण विष ज्या अल्फा रिसेप्टरवर जोर काढतं, नेमकं तेच दार ही गोळी बंद करते. शिवाय स्वस्त, आणि तोंडाने घ्यायची. १९८६ साली डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी हे 'लॅन्सेट'मध्येच मांडलं. बावस्करांच्या आकडेवारीनुसार १९८३ पर्यंत गंभीर दंशाचे २५ ते ३० टक्के रुग्ण दगावत. प्राझोसीन आल्यावर हे प्रमाण एक टक्क्याच्या खाली गेलं.

मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे गोळी लागू पडली का, हे ओळखायची खूण. रुग्णाला आडवंच ठेवायचं, कारण एकदम उठवलं तर रक्तदाब कोसळू शकतो. दर तीन तासांनी गोळी, आणि ती कधी थांबवायची? पाय गरम झाले की. हाताने चाचपून कळतं, प्रयोगशाळा लागत नाही.

आजकाल नवीन औषध म्हटलं की जीनोम, रेणू, अब्जावधी डॉलर. ते सगळं हवंच. आणि प्रयोगशाळांना विंचवाशी वाकडंही नाही! याच तांबड्या विंचवाच्या विषातून १९९० साली आयबेरिओटॉक्सिन हे प्रथिन वेगळं काढलं गेलं. पेशीतली पोटॅशियमची एक वाट बंद करायला जगभरचे संशोधक ते वापरतात. विषाला बाजारभाव आहे, दंश झालेल्या शेतमजुराला मात्र गिऱ्हाईक म्हणून कोणी मोजत नाही. त्याच्यासाठी नवीन औषध शोधायला पैसा कोण घालणार? म्हणून जुन्या गोळीचं हे नवं काम मला मोठं वाटतं. असो.

गोष्ट तिथेच थांबली नाही. गोळी विषाचा परिणाम रोखते, विष नाही. त्यासाठी हाफकिनची, घोड्यांच्या रक्तातून बनवलेली प्रतिविष लस आहे. दोन्ही मिळून दिलं तर? बावस्करांनी महाडलाच ७० रुग्णांवर हे तपासलं आणि २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापलं. लस आणि गोळी दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे, नुसत्या गोळीवर ३५ पैकी ८. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. लस मात्र दवाखान्यात असावी लागते आणि रुग्ण वेळेत तिथे पोचावा लागतो. वाडीवरून तालुक्याला न्यायला रात्री गाडी मिळेपर्यंत पाय गारच असतात.