संपवलेल्या खेळांची शकावली

१/
डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की जगभरातले अनेक खेळाडू एक यादी पुरी करतात. वर्षभरात कोणते व्हिडिओ गेम संपवले, कोणत्या यंत्रावर, कोणत्या तारखेला. कोणी ती वहीत लिहितो, कोणी स्प्रेडशीटमध्ये. वरवर पाहता हा निरुपद्रवी छंद आहे. परंतु अशी यादी करता येण्यासाठी आधी दोन गोष्टी घडाव्या लागल्या. गेमला शेवट असावा लागला आणि खेळलेले टिकून राहावे लागले. हा धागा त्या दोन्हींच्या इतिहासाचा. 🧵

२/
आरंभीच्या लोकप्रिय गेमना शेवट नव्हता. १९७८ मध्ये जपानच्या टायटो कंपनीचा, तोमोहिरो निशिकादो यांनी घडवलेला ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आला. शत्रूंची एक फळी नष्ट केली की दुसरी उतरे. यंत्र नाण्यावर चाले, त्यामुळे खेळाडू लवकर हरणे हेच मालकाच्या हिताचे. जिंकण्याची सोयच नव्हती. प्रश्न एवढाच असे, की हरण्यापूर्वी किती काळ तग धरता येतो.

३/
१९८० च्या ‘पॅकमॅन’चेही तेच. तो अनंत चालावा अशीच योजना होती. पण पातळ्या मोजणारा आकडा आठ बिटांचा असल्याने २५६ व्या पातळीवर गणित कोलमडते आणि अर्धा पडदा निरर्थक अक्षरांनी भरून जातो. तेथून पुढे जाता येत नाही. म्हणजे जगातील सर्वांत प्रसिद्ध गेमांपैकी एकाचा ‘शेवट’ हा रचनाकाराने लिहिलेला समारोप नसून यंत्रातला बिघाड आहे.

४/
शेवट नाही, म्हणून नोंद उरली ती गुणांची. १९७९ मध्ये अटारीच्या ‘अॅस्टेरॉइड्स’ने उच्चांकाशेजारी तीन अक्षरे कोरण्याची मुभा दिली आणि ही प्रथा सर्वदूर पोहोचली. अनोळखी गावातल्या अनोळखी यंत्रावर आपली आद्याक्षरे ठेवून जाणे, ही त्या पिढीची स्वाक्षरी होती. पण ‘अॅस्टेरॉइड्स’च्या मूळ यंत्रात ही यादी तात्पुरत्या स्मृतीत असे. रात्री दुकान बंद करताना वीज तोडली की सकाळी सारे शिलालेख पुसलेले.

५/
ही विस्मृती थांबवण्याचा पहिला मोठा प्रयत्न वॉल्टर डे या अमेरिकन गृहस्थांनी केला. १९८१ च्या उन्हाळ्यात ते शंभराहून अधिक गेम पार्लर हिंडले आणि यंत्रांवरचे उच्चांक टिपत गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आयोवा राज्यातल्या ओटम्वा या लहान गावी त्यांनी ‘ट्विन गॅलेक्सीज’ नावाचे पार्लर उघडले आणि १९८२ मध्ये हा उच्चांकफलक लोकांसाठी खुला केला. यंत्र जे विसरत होते, ते कागद लक्षात ठेवू लागला.

६/
घरातही असेच काही घडत होते. अॅक्टिव्हिजन कंपनीच्या ‘पिटफॉल’मध्ये (१९८२) वीस हजार गुण मिळवले की खेळाडूने टीव्हीच्या पडद्याचे छायाचित्र काढून टपालाने कंपनीकडे पाठवायचे. उत्तरादाखल ‘एक्सप्लोरर्स क्लब’चे कापडी बोधचिन्ह येई. ते जॅकेटवर शिवायचे. पुढे पडद्यावर उमटू लागलेल्या डिजिटल पदकांचे पूर्वज असे सुई-दोऱ्याने शिवलेले होते.

७/
नोंद आली की खऱ्याखोट्याचा प्रश्न आलाच. अॅक्टिव्हिजनच्याच ‘ड्रॅगस्टर’ या शर्यतीच्या गेममध्ये ५.५१ सेकंदांचा विक्रम १९८२ पासून मान्य होता. तीन दशकांनंतर गेमची आज्ञावली तपासण्यात आली, तेव्हा ५.५७ सेकंदांहून कमी वेळ त्या यंत्रात शक्यच नाही असे दिसून आले. जानेवारी २०१८ मध्ये ट्विन गॅलेक्सीजने तो विक्रम रद्द केला. छापील यादीवर पस्तीस वर्षे विश्वास राहिला, कारण मूळ पुराव्याची फेरतपासणी कोणी केली नव्हती.

८/
मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला हा पेच ओळखीचा वाटेल. बखरींच्या आधारे शिवाजी महाराजांचे जन्मवर्ष दीर्घकाळ इ.स. १६२७ मानले जात होते. मग भोरजवळच्या कारी गावच्या जेधे घराण्यातली शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. तीत तिथी होती शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०.

९/
शकावलीत वर्णनाचा थाट नसतो. शक, महिना, तिथी, काय घडले, बस्स. रसाळपणात ती बखरीच्या पासंगालाही पुरत नाही. तरी तारखेच्या वादात बखरीहून तिचा शब्द जड ठरला. वर्षवार, कोरडी, तारीखनिशी केलेली नोंद पुढे कोणता प्रश्न सोडवील, हे ती लिहिणाऱ्याला ठाऊक नसते. संपवलेल्या गेमांची वही याच जातकुळीतली आहे.

१०/
आता दुसरा धागा, शेवट असलेल्या गेमांचा. विल क्राऊदर हे अमेरिकन प्रोग्रॅमर आणि गुहासंशोधक. केंटकीतल्या गुहांच्या अनुभवावरून त्यांनी १९७५-७६ च्या सुमारास केवळ शब्दांत खेळायचा ‘अॅडव्हेंचर’ रचला. १९७७ मध्ये डॉन वुड्स यांनी तो वाढवला. त्यात एकूण गुण ३५०. सगळे मिळाले की खेळ पुरा. येथे गुणांना कमाल मर्यादा आली आणि ‘हा गेम मी संपवला’ हे वाक्य अर्थपूर्ण झाले.

११/
शेवट आला तशी कथा आली आणि कथा आली तशी लांबी वाढली. एका बैठकीत न संपणारा खेळ मधेच थांबवायचा कसा? १९८६ च्या जपानी ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने उत्तर शोधले ‘पुनरुज्जीवनाच्या मंत्रा’त. थांबताना गेम वीस जपानी अक्षरांचा सांकेतिक शब्द देई. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या भागात तो बावन्न अक्षरांपर्यंत गेला. मुले तो वहीत उतरवून घेत. धूसर पडद्यावर दोन सारख्या अक्षरांत गल्लत झाली, की कित्येक दिवसांचा प्रवास पाण्यात.

१२/
गेमखेळाडूची आद्य रोजनिशी ती हीच. तिच्यातल्या चुकीची किंमत मोजावी लागे, म्हणून ती काळजीपूर्वक लिहिली जाई. ज्या पिढीने खेळाच्या शेजारी वही ठेवली, तिला यंत्राच्या स्मृतीवर विसंबण्याची चैन ठाऊकच नव्हती.

१३/
१९८७ मध्ये ‘द लेजेंड ऑफ झेल्डा’ अमेरिकेत पोहोचला तो कॅसेटमध्ये एक छोटी बॅटरी घेऊन. तिच्या बळावर तीन खेळाडूंची प्रगती जपली जाई. प्रत्येकाच्या नावाशेजारी तो किती वेळा मेला, हा आकडाही दिसे. पण बॅटरीलाही आयुष्य असते. ती संपली की नाव, प्रगती, मरणांचा हिशेब, सारे नाहीसे. जुनी कॅसेट आजही चालू होते, मात्र तीन जागा रिकाम्या दिसतात.

१४/
महाराष्ट्रातल्या अनेक घरांत हे जग १९९० च्या दशकात आले, ते स्वस्त नकली यंत्रांच्या आणि ‘शेकडो गेम एकात’ असा दावा करणाऱ्या कॅसेटच्या रूपाने. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चे बत्तीस टप्पे, ‘काँट्रा’चे आठ. दोन्हींत प्रगती जपण्याची सोय नव्हती. संपवायचा तर एका दमात. मधे वीज गेली की पहिल्या टप्प्यापासून पुन्हा श्रीगणेशा. त्या काळी कोणी काय संपवले, याचा पुरावा भावंडांच्या साक्षीपलीकडे बहुधा उरलेलाच नाही.

१५/
मग नोंदीचे काम कंपन्यांनी हाती घेतले. नोव्हेंबर २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० बरोबर ‘अचीव्हमेंट’ आणि ‘गेमरस्कोअर’ आले. २००७ मध्ये स्टीमवर तशीच सोय झाली, २००८ मध्ये सोनीने प्लेस्टेशनवर ‘ट्रॉफी’ आणल्या. दुकानात मिळणाऱ्या एक्सबॉक्सच्या गेमला सुरुवातीस एक हजार गुणांची मर्यादा होती. तीसेक वर्षांपूर्वीच्या ‘अॅडव्हेंचर’मधली ३५० गुणांची कल्पनाच येथे नव्या वेशात अवतरली, एवढाच फरक की आता हिशेबनीस कंपनीचा होता.

१६/
हा हिशेबनीस अचूक आहे. सेकंदासह वेळ टिपतो. परंतु त्याला ठरावीक प्रसंगच दिसतात. गेम आजारपणात अंथरुणावर खेळला, की परीक्षेनंतरच्या सुट्टीत धाकट्या बहिणीबरोबर? शेवट आवडला की निव्वळ जिद्दीने ओढत नेला? मित्राच्या घरी, मित्राच्या खात्यावर संपवलेला गेम तर त्याच्या लेखी संपलेलाच नसतो.

१७/
साध्या यादीचे मोल काय असते, हे चार्ल्स डार्विनच्या वह्या सांगतात. १८३८ ते १८६० या काळात त्याने वाचायच्या आणि वाचून झालेल्या पुस्तकांच्या याद्या ठेवल्या. ऑक्टोबर १८३८ मध्ये तीत माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध दिसतो. नैसर्गिक निवडीच्या विचाराला चालना देणारे हेच ते वाचन. २०१७ मध्ये संशोधकांनी या नोंदींचा संगणकीय अभ्यास करून, डार्विन ओळखीच्या विषयांत केव्हा खोल उतरला आणि नव्याकडे केव्हा वळला, हे तपासले.

१८/
असेच एक उदाहरण पुण्याचे. मार्च १९२२ मध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन महात्मा गांधी येरवड्याच्या तुरुंगात आले. फेब्रुवारी १९२४ मध्ये सुटका होईपर्यंत त्यांनी विपुल वाचन केले आणि वाचून संपवलेल्या पुस्तकांची नावे तुरुंगातल्या रोजनिशीत टिपली. गिबनचा रोमन साम्राज्याचा इतिहास त्यात आहे. भाष्य अगदी थोडे. तरीही कारावासातल्या मनाची वाट त्या नावांच्या ओळीवरून चालत पाहता येते.

१९/
गेमच्या बाबतीत ही निकड अधिक आहे, कारण येथे मूळ कृतीच नाहीशी होते. मार्च २०२३ मध्ये निन्टेन्डोने ३डीएस आणि वी यू या यंत्रांच्या ऑनलाइन दुकानांतली विक्री थांबवली. त्याच वर्षी व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या पाहणीत दिसले, की अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या गेमांपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर मिळत नाहीत.

२०/
३१ मार्च २०२४ रोजी युबिसॉफ्टने २०१४ च्या ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर बंद केले. ज्यांनी तो विकत घेतला होता, त्यांनाही तो खेळता येईना. यातून उभ्या राहिलेल्या ‘स्टॉप किलिंग गेम्स’ मोहिमेच्या युरोपीय अर्जावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. पुस्तक गेले तर ग्रंथालयात दुसरी प्रत सापडू शकते. सर्व्हर बंद झालेल्या गेमची आठवण खेळणाऱ्यांकडेच उरते.

२१/
आणि आठवण ही बखर असते. दहा वर्षांनी सांगितलेल्या हकिगतीत तारखा सरकतात, कठीण टप्पे अधिक कठीण होतात, कंटाळा विसरला जातो. म्हणून त्या दिवशीच केलेली टाचणी मोलाची. गेमचे नाव, आवृत्ती, यंत्र, आरंभ आणि समाप्तीची तारीख, सोबत कोण होते, आणि त्या वेळचे खरे मत एका वाक्यात. भावी अभ्यासकाला एवढे पुष्कळ झाले.

२२/
‘संपवला’ म्हणजे काय, हेही वहीच्या पहिल्या पानावर ठरवून लिहावे. मुख्य कथा पुरी झाली की पुरे? की प्रत्येक कोपरा धुंडाळलेला हवा? व्याख्या कोणतीही चालेल, ती दरवर्षी बदलू नये. आणि अर्धवट सोडलेल्या गेमांचीही कारणासह नोंद असावी. कारण केवळ विजयांची यादी ठेवणारा दरबारी असतो, पराभवही लिहिणारा इतिहासकार.

२३/
एक धोकाही आहे. आकडा वाढवण्याचा मोह झाला, की माणूस लांब आणि अवघड गेम टाळून छोटे गेम निवडू लागतो. मग नोंद खेळामागे चालण्याऐवजी खेळच नोंदीमागे फरपटतो. वर्षाला चार नावे असलेली प्रामाणिक यादी चाळीस नावांच्या घाईहून अधिक काही सांगते.

२४/
कारीच्या वाड्यात तिथ्या उतरवणाऱ्या त्या लेखकाचे नाव आज सर्वतोमुखी नाही. त्याने घटना, शक आणि तिथी लिहिली, आणि तेवढ्यावर एक मोठा वाद निकालाकडे वळला. ‘अॅस्टेरॉइड्स’वरची तीन अक्षरे वीज गेली तेव्हाच पुसली गेली. वहीतली ओळ मात्र वीज गेल्यावरही वाचता येते.

(समाप्त)