हजेरीपटांतील हरवलेलीं वर्षें

सैनिकाची चाकरी दोन ठिकाणीं होत असते: एक रणांगणावर किंवा कवाईतीच्या मैदानावर, आणि दुसरी दप्तरांत. पहिल्या ठिकाणीं घाम आणि प्रसंगीं रक्त खर्चीं पडतें. दुसऱ्या ठिकाणीं केवळ शाई. परंतु उतारवयांत निवृत्तिवेतन मागण्याची वेळ आली, म्हणजे सरकार चौकशी करतें ती शाईची. ज्या वर्षाची नोंद सांपडत नाहीं, तें वर्ष सरकारच्या लेखीं उजाडलेंच नाहीं.

ज्यानें सारें आयुष्य सैन्यांत काढलें त्याच्या बाबतींत ही अडचण बेताची असते. कारण त्याची सेवा अखंड असते आणि दोन टोकें मिळालीं कीं मधला धागा आपोआप सांपडतो. राखीव सैनिकाची गोष्ट निराळी आहे. तो एरवीं शेतकरी, कारकून, शिक्षक किंवा दुकानदार असतो; महिन्यांतून एखाददुसऱ्या दिवशीं कवाईतीस हजर राहतो, वर्षांतून पंधरवडाभर छावणींत जातो, आणि युद्ध उद्भवलें कीं पूर्ण वेळ रुजू होतो. त्याची सेवा गोधडीसारखी तुकडे जोडून झालेली असते. त्यांतला एखादा तुकडा निसटला, तर त्याची भरपाई कोणीं आणि कशी करावयाची? या प्रश्नाशीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांना त्यांच्या जन्मापासूनच झगडावें लागलें आहे, आणि तो झगडा मोठा बोधप्रद आहे.

सन १८०० च्या नोव्हेंबर महिन्याच्या ८ तारखेस वॉशिंग्टन येथील युद्धखात्याच्या कचेरीस आग लागली. सरकारी खातीं या नव्या राजधानींत येऊन थोडेच महिने झाले होते. स्वातंत्र्ययुद्धांतील सैनिकांचीं जीं कागदपत्रें खात्यापाशीं होतीं, तीं बहुतेक या आगींत भस्म झालीं. युद्ध संपून सतराच वर्षें झालीं होतीं. लढलेले लोक हयात होते, पण ते लढले होते याचा सरकारी पुरावा राहिला नव्हता.

याचे परिणाम पुढें दिसून आले. १८१८ सालीं काँग्रेसनें गरजू सैनिकांस निवृत्तिवेतन देण्याचा कायदा केला. शिपायास दरमहा ८ डॉलर आणि अधिकाऱ्यास २० डॉलर असें त्याचें मान होतें. मात्र तो खड्या फौजेंत निदान नऊ महिने राहिलेल्यांपुरता होता. गांवोगांवच्या स्वयंसैनिकांस त्याचा लाभ नव्हता. हे स्वयंसैनिक म्हणजे आजच्या राखीव सैनिकांचे पूर्वजच. पेरणी आटोपून दोन-तीन महिने पलटणींत जावें, सुगीला परत यावें, पुन्हा बोलावणें आलें कीं पुन्हा जावें, असा त्यांचा क्रम असे. १८३२ च्या कायद्यानें अखेर त्यांचाहि हक्क मान्य केला. एकंदर सेवा दोन वर्षें भरल्यास पूर्ण वेतन आणि सहा महिन्यांहून अधिक भरल्यास त्या मानानें अंश, असें ठरलें. तुकड्यांची बेरीज करून निवृत्तिवेतन देण्याचें तत्त्व येथें प्रस्थापित झालें.

पण बेरीज करावयाची कशाची? कागद तर जळून गेले होते. १७७६ सालीं जो सोळा वर्षांचा पोरगा होता तो आतां बहात्तरीचा म्हातारा झाला होता. यावर असा मार्ग काढण्यांत आला कीं, अर्जदारानें जवळच्या न्यायालयांत यावें आणि शपथेवर आपली हकीकत सांगावी. जन्म कोठें व केव्हां झाला, वयाचा दाखला कोठें आहे, सैन्यांत जातांना मुक्काम कोठें होता, स्वतःच्या खुषीनें गेला कीं बदली म्हणून गेला, हाताखालीं घेणारे अधिकारी कोण, सेवामुक्तीचा कागद मिळाला होता काय, असे ठराविक प्रश्न विचारले जात. त्याच्या सचोटीबद्दल शेजाऱ्यापाजाऱ्यांची आणि धर्मोपदेशकाची साक्ष घेतली जाई. या क्रांतियुद्धाच्या निवृत्तिवेतनाचीं व जमिनीच्या बक्षिसांचीं सुमारें ८०,००० प्रकरणें आज तेथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत सुरक्षित आहेत, आणि सामान्य शिपायाच्या तोंडची त्या युद्धाची हकीकत इतिहासकारांना त्यांतच वाचावयास मिळते. दप्तर जळालें म्हणून म्हाताऱ्यांना बोलतें करावें लागलें, आणि त्यांच्या बोलण्यानें पहिल्याहून समृद्ध दप्तर तयार झालें.

विसाव्या शतकांत या स्वयंसैनिकांच्या जोडीला केंद्र सरकारच्या अधिकारांतील राखीव दल उभें राहिलें. १९०८ सालीं वैद्यकीय अधिकाऱ्यांचें राखीव दल निघालें, आणि १९१६ च्या राष्ट्रीय संरक्षण कायद्यानें राखीव अधिकाऱ्यांची व्यवस्था सर्व शाखांत झाली. दोन महायुद्धांत या लोकांनीं मोठी कामगिरी केली. तरीहि वर्षानुवर्षें कवाईत करणाऱ्या राखीव सैनिकास केवळ त्या सेवेच्या बळावर निवृत्तिवेतन मिळण्याची सर्वसाधारण सोय नव्हती. ती २९ जून १९४८ च्या कायद्यानें झाली. या कायद्याची व्यवस्था समजून घेतल्यावांचून पुढील अडचण ध्यानांत यावयाची नाहीं.

कायद्यानें सेवेचें मोजमाप गुणांत ठरविलें. पूर्ण वेळ कामावर असल्यास दर दिवसास एक गुण, कवाईतीच्या प्रत्येक हजेरीस एक गुण, आणि दलांत नांव असल्याबद्दल वर्षास १५ गुण. एका वर्षांत निदान ५० गुण झाले तरच तें वर्ष निवृत्तिवेतनास पात्र धरावयाचें. अशीं २० वर्षें भरलीं, म्हणजे वयाच्या ६० व्या वर्षापासून वेतन सुरू व्हावयाचें. मूळ व्यवस्थेंत वेतनाची रक्कम ठरवितांना एकंदर गुणांस ३६० नें भागून वर्षें काढतात आणि प्रत्येक वर्षास मूळ पगाराच्या अडीच टक्के धरतात. वीस वर्षें केवळ ५० गुण मिळविणाऱ्याचे १,००० गुण होतात; त्यांचीं पावणेतीन वर्षांहून किंचित् अधिक, म्हणजे पगाराच्या सुमारें सात टक्के. ही रक्कम मोठी नव्हे. पण वीस वर्षांच्या सुट्टीच्या दिवसांचें तें मोल आहे.

आतां या हिशेबांतील धोंड पाहावी. असें समजावें कीं, एका राखीव सैनिकानें वीस वर्षें सेवा केली. एकोणीस वर्षांत त्यानें ५० हून अधिक गुण मिळविले. एका वर्षीं मात्र हजेरीपट वेळेवर पोंचला नाहीं, आणि ५१ च्या जागीं ४७ गुण लिहिले गेले. ते ४७ गुण रकमेच्या हिशेबांत टिकतात, पण तें वर्ष पात्रतेच्या हिशेबांतून बाद होतें. त्याचीं वीस वर्षें एकोणीस होतात, आणि एकोणीस वर्षांस या कायद्याप्रमाणें निवृत्तिवेतन नाहीं. चार खुणा कमी पडल्या म्हणून सारी इमारत खालीं येते.

असल्या चुका होण्यास जागाहि पुष्कळ. राखीव सैनिकाचें वर्ष पंचांगाप्रमाणें चालत नाहीं. तो ज्या तारखेस दाखल झाला त्या तारखेपासून चालतें. मध्यें खंड पडून तो पुन्हा दाखल झाला कीं वर्षाचा आरंभ बदलतो, आणि कारकुनानें जुनीच तारीख कायम ठेवली तर एका वर्षाचे गुण दुसऱ्या वर्षांत पडतात. कोणी एका संस्थानाच्या राष्ट्रीय रक्षकदलांतून केंद्राच्या राखीव दलांत जातो, तेव्हां त्याचें दप्तर एका कचेरींतून दुसऱ्या कचेरींत पाठवावें लागतें. वाटेंत कांहीं पानें राहून जातात. आणि ही गळती बहुधा कळते ती पुष्कळ वर्षांनीं, जेव्हां त्या वेळचा कप्तान निवर्तलेला असतो आणि पलटणहि मोडलेली असते.

अशा मनुष्यानें दाद मागावी कोणाकडे? १९४६ पर्यंत सैन्याच्या जुन्या नोंदीची चूक दुरुस्त करून घेण्याचा मुख्य मार्ग एकच होता. आपल्या भागाच्या प्रतिनिधीस गांठावें आणि त्याच्याकरवीं काँग्रेसमध्यें त्या एका माणसापुरतें खासगी विधेयक आणावें. ज्याची ओळख होती त्याचें काम होई. ज्याची नव्हती तो घरीं बसे. शिवाय साऱ्या राष्ट्राचा कारभार पाहणाऱ्या सभेचा वेळ एकेका शिपायाच्या हजेरींत जाई. म्हणून २ ऑगस्ट १९४६ रोजीं झालेल्या कायदेमंडळाच्या पुनर्रचनेच्या कायद्यांत दोन कलमें घालण्यांत आलीं. एका कलमानें असल्या खासगी विधेयकांस बंदी केली. दुसऱ्यानें खातेप्रमुखांस अधिकार दिला कीं, त्यांनीं मुलकी अधिकाऱ्यांच्या मंडळामार्फत सैनिकी नोंदींतील चूक दुरुस्त करावी अथवा अन्याय दूर करावा. १९५१ च्या दुरुस्तीनें, नोंद सुधारल्यावर निघणारी रक्कम देण्याचीहि तरतूद झाली.

या व्यवस्थेंतील दोन गोष्टी लक्षांत घेण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, मंडळावर वर्दीधारी अधिकारी नसतात. ज्यांच्या हाताखालीं चूक झाली त्यांनींच तिचा न्याय करूं नये, हा त्यांतील हेतु. दुसरी गोष्ट कायद्याच्या शब्दांची. तेथें केवळ 'चूक' म्हटलेलें नाहीं; 'चूक अथवा अन्याय' असें म्हटलें आहे. नोंद नियमाप्रमाणें बिनचूक असेल, तरीहि तिच्यामुळें अन्याय होत असेल तर ती बदलतां येते. मात्र पुराव्याचा भार अर्जदारावर असतो. कचेरीचें लिखाण बरोबर आहे असें गृहीत धरून मंडळ आरंभ करतें. अर्ज चूक उमगल्यापासून तीन वर्षांच्या आंत करावा लागतो. परंतु न्यायाच्या दृष्टीनें योग्य वाटल्यास मंडळ ही मुदत बाजूस ठेवूं शकतें.

मंडळाचा हात किती लांब पोंचतो हें एका प्रसिद्ध प्रकरणावरून दिसतें. हेन्री फ्लिपर हा राखीव सैनिक नव्हता; १८७७ सालीं वेस्ट पॉइंटच्या सैनिकी विद्यालयांतून पदवी मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णीय अधिकारी होय. सैनिकी न्यायालयानें अपहाराच्या आरोपांतून त्यास मुक्त केलें, पण अधिकाऱ्यास न शोभणाऱ्या वर्तनाबद्दल दोषी ठरविलें, आणि ३० जून १८८२ रोजीं तो बडतर्फ झाला. १९४० सालीं तो वारला. १९७६ सालीं भूसेनेच्या दुरुस्ती मंडळानें ही शिक्षा अवाजवी कठोर होती असा निर्णय दिला, आणि त्याची सेवामुक्ति १८८२ च्या त्याच तारखेपासून सन्मानपूर्वक झाली असें लिहिविलें. चौऱ्याण्णव वर्षांपूर्वीची ओळ बदलली गेली. त्याला स्वतःला ती वाचतां आली नाहीं, एवढेंच.

राखीव सैनिकांच्या बाबतींत १९६६ सालीं आणखी एक पाऊल टाकलें गेलें. वीस वर्षें पूर्ण झाल्यावर एका वर्षाच्या आंत खात्यानें तसें लेखी कळवावें असा कायदा झाला. अशी सूचना एकदां दिल्यावर, पुढें वर्षें मोजण्यांत खात्याचीच चूक झाली होती असें आढळलें, तरी पात्रता हिरावून घेतां येत नाहीं. अर्जदारानें लबाडी केली असेल तरच ती जाते. रकमेची दुरुस्ती मात्र होऊं शकते. आजवर सरकारच्या लिखाणानें केवळ सैनिक बांधला जात होता. या कायद्यानें सरकारहि स्वतःच्या लिखाणानें बांधलें गेलें.

या साऱ्या व्यवस्थेची कसोटी १९७३ सालीं लागली. १२ जुलैची मध्यरात्र उलटून थोडा वेळ झाला होता, तोंच सेंट लुइस शहरानजीकच्या राष्ट्रीय सेवानोंद केंद्रास सहाव्या मजल्यावर आग लागली. त्या विस्तीर्ण इमारतींत आग विझविणारे पाण्याचे फवारे बसविलेले नव्हते. आसपासच्या ४२ ठाण्यांचे बंब धांवून आले, तरी ती पूर्णपणें विझली असें जाहीर व्हावयास १६ तारीख उजाडली. एक कोटि साठ लक्ष ते एक कोटि ऐंशी लक्ष सैनिकांच्या फायली नष्ट झाल्या. १९१२ च्या नोव्हेंबरपासून १९५९ च्या अखेरीपर्यंत भूसेनेंतून मुक्त झालेल्यांपैकीं सुमारें ८० टक्के लोकांच्या नोंदी त्यांत गेल्या. १९४७ च्या सप्टेंबरपासून १९६३ च्या अखेरीपर्यंत विमानदलांतून मुक्त झालेल्यांपैकीं, ज्यांचीं आडनांवें वर्णानुक्रमानें 'हबर्ड' या नांवापुढें येत होतीं, अशा सुमारें ७५ टक्के लोकांचीहि तीच गत झाली. या फायलींच्या नकला नव्हत्या, सूक्ष्मचित्रें काढलेलीं नव्हतीं, आणि आंत कोणाकोणाच्या फायली होत्या याची यादीहि नव्हती.

जें भिजलें पण जळालें नाहीं, तें वांचविण्याची शिकस्त करण्यांत आली. अंतराळयानांच्या चांचणीसाठीं बांधलेल्या एका कारखान्याच्या निर्वात कोठींत ओले कागद वाळविले गेले, आणि सुमारें ६५ लक्ष फायली कमीअधिक जळक्या स्थितींत हातीं आल्या. उरलेल्यांसाठीं १८३२ ची युक्ति नव्या रूपानें पुन्हा कामास आली. एका मनुष्याचें अस्तित्व एकाच फायलींत सांठलेलें नसतें हें ओळखून इतर दप्तरें धुंडाळण्यांत आलीं. शेवटच्या पगाराच्या पावत्या, प्रत्येक कंपनीचे रोजचे सकाळचे अहवाल, इस्पितळांतील दाखल्यांचीं पत्रें, माजी सैनिकांच्या खात्याचीं प्रकरणें आणि संस्थानिक सरकारांच्या नोंदी यांवरून हरवलेल्या सेवेचा दाखला पुन्हा उभा करण्याचें काम सुरू झालें, आणि तें पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें.

या इतिहासाचें तात्पर्य थोडक्यांत सांगतां येईल. दप्तर ठेवणारा कारकून चुकतो, आग लागते, पान हरवतें. हें टाळण्याचा उपाय कोणत्याच राज्यास पूर्णपणें सांपडलेला नाहीं. राज्याची पारख होते ती पुढच्या पायरीवर. एखादा म्हातारा शिपाई येऊन 'त्या वर्षीं मी हजर होतों' असें म्हणतो, तेव्हां 'पटावर नांव नाहीं' एवढ्यावर त्याला परत पाठवावयाचें, कीं त्याचें म्हणणें शपथेवर ऐकून, साक्षी पाहून, पट सुधारावयाचा? अमेरिकेनें दुसरा मार्ग पत्करला. पण त्याला कायद्याचें कायमचें रूप येण्यास १९४६ साल उजाडावें लागलें. सैनिकाच्या घरच्यांनाहि यांत एक शिकण्यासारखें आहे. सेवामुक्तीचा दाखला, पगाराची पावती, छावणींत जाण्याचा हुकूम, असले चिटोरे ट्रंकेच्या तळाशीं पडलेले असतात आणि घर आवरतांना प्रथम तेच बाहेर फेंकले जातात. तीस वर्षांनीं मंडळापुढें जेव्हां सरकारी पट एक बोलतो आणि म्हातारा दुसरें बोलतो, तेव्हां त्याच्या बाजूनें बोलणारा साक्षीदार बहुधा तो चिटोराच असतो.