प्रवासी नव्हेत अशी माणसे



साथीच्या रोगांवर बोलावयाचे तर या व्यासपीठावर एखादे डॉक्टर असावयास हवेत. आम्ही डॉक्टर नाही. आमची शाळा आठवीत सुटली, आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, करारांचे मसुदे व न्यायालयांचे निकाल वाचता वाचता झाले. परंतु गेली पंचवीस वर्षे विमानात सामान चढविणाऱ्या आणि विमाने झाडणाऱ्या कामगारांत आमचा वावर आहे, आणि करोनाच्या तीन वर्षांत विमानतळाच्या मागच्या दाराने काय आत आले व काय बाहेर गेले ते आम्ही जवळून पाहिले. म्हणून आजचा विषय निवडला आहे तो परदेशी मुक्कामास उतरणाऱ्या विमान कर्मचाऱ्यांच्या तपासण्यांचा.

विषय चिमुकला वाटेल. जगात लाखो माणसे मेली, त्यात वैमानिकाच्या घशात काडी घातली की नाही याचे एवढे काय, असे कोणी विचारील. पण कायदा कोणासाठी केला आणि कोणाच्या अंगावर पडला, हे पाहावयाचे असेल तर मोठ्या रस्त्यापेक्षा अशी गल्लीच बरी असते.

आधी मुक्काम म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. लांबच्या पल्ल्याचे विमान घेऊन आलेल्या वैमानिकास त्याच पावली परत उडता येत नाही. कामाच्या तासांचे बंधन असते. म्हणून तो आणि विमानातील इतर कर्मचारी एखाद्या हॉटेलात एक दिवस, दोन दिवस झोप काढतात व दुसरे विमान घेऊन निघतात. (या कर्मचारी स्त्रियांस आपल्याकडे ‘हवाई सुंदरी’ म्हणण्याची चाल पडली. आग लागली तर दार उघडून शेदोनशे माणसे बाहेर काढण्याचे ज्यांचे काम, त्यांस सुंदरी कशाला म्हणावयाचे हे आम्हास कधी कळले नाही.) मुक्कामास आलेला हा माणूस त्या देशात पाहुणा नसतो आणि रहिवासीही नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत त्याची व्याख्या एका ओळीत केली आहे. वाहनावरील जी माणसे प्रवासी नव्हेत ती, बस्स! काय आहेत ते सांगितलेले नाही, काय नाहीत तेवढे सांगितले आहे.

हे नियम आकाशातून पडलेले नाहीत. आगबोटींच्या काळात क्वारंटाईन बंदरात होई, आणि आगबोट इतकी सावकाश चाले की रोग वाटेतच प्रकट होई. विमानाने ती सोय नाहीशी केली. माणूस रोग अंगात घेऊन, पण अंगावर न दाखविता, दुसऱ्या खंडात उतरू लागला. म्हणून १२ एप्रिल १९३३ रोजी हेग येथे हवाई वाहतुकीसाठी वेगळा आरोग्य करार झाला. त्यात प्लेग, पटकी, देवी, टायफस यांच्या जोडीला पीतज्वर होता, आणि पीतज्वराची धास्ती हिंदुस्थानला विशेष होती. येथे तो रोग नव्हता, पण तो पसरविणारा डास घरोघरच्या रांजणात होता. आफ्रिकेतून आलेला एक माणूस आणि येथील एक डास यांची गाठ पडली की झाले! १९३७ साली माक्स थाइलर यांनी लस सिद्ध केली तेव्हा कोठे मार्ग निघाला. आजही पीतज्वराच्या प्रदेशातून दाखला न घेता येणारास, मग तो प्रवासी असो की वैमानिक, आपले सरकार सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवू शकते.

हे सहा दिवस लक्षात ठेवावेत. रोग अंगात मुरावयास जितके दिवस लागतात तितके दिवस अडकवावयाचे, हा त्यामागील हिशेब होता. हिशेब कडक होता, पण त्याला शेवट होता.

आता २०२० कडे वळू. मार्चमध्ये आपल्या राज्यात १८९७ चा साथीचे रोग कायदा लागू झाला, जो मुंबईतील प्लेगच्या वेळी इंग्रजांनी केला होता. देशोदेशीची विमाने जमिनीवर बसली. सगळीच बसली नाहीत. औषधे, मुखपट्ट्या, यंत्रांचे भाग नेणारी मालवाहू विमाने चालूच होती, आणि ती चालविणारी माणसे बहुतेक देशांनी विलगीकरणातून वगळली. हे वगळणे त्यांच्यावरील दयेपोटी नव्हते. माल अडू नये म्हणून माणसास सूट दिली होती.

आपल्याकडे ७ मे पासून ‘वंदे भारत’ची उड्डाणे सुरू झाली आणि उड्डाणाआधी कर्मचाऱ्यांची तपासणी सक्तीची झाली. लगेच मुंबईतील एअर इंडियाचे पाच वैमानिक बाधित ठरले. ते मालवाहू उड्डाणांवर चीनला जाऊन आले होते. एकदोन दिवसांत पुन्हा तपासले तो पाचही जण निरोगी! मग ३० मे रोजी दिल्लीहून मॉस्कोस निघालेले विमान उझबेकिस्तानच्या आकाशातून परत बोलवावे लागले. वैमानिकाचा अहवाल बाधित असल्याचा होता, आणि कचेरीत कोणी तो घाईत उलटा वाचला होता. विमान रिकामे होते, अडकलेल्या माणसांना आणावयास निघाले होते, म्हणून निभावले. या दोन गोष्टींवरून तपासणी निरुपयोगी असे आम्ही म्हणणार नाही. तपासणीच्या मागे ती घेणारा, वाचणारा, टिपणारा असा एक कामगार असतो, आणि त्याला रात्रीत शेकडो कागद चाळावयास लावले की असे होते.

पण या विषयाची खरी पाठशाळा हाँगकाँग होय. जुलै २०२० मध्ये तेथे उतरणाऱ्या विमान कर्मचाऱ्यांस लाळेचा नमुना देणे भाग झाले. नमुना देण्यात वाईट काय? काही नाही. वाईट पुढे होते. बाधित ठरला की लक्षणे असोत वा नसोत, परक्या शहरातील रुग्णालयात भरती. आणि स्वतः निरोगी ठरला तरी बाधिताजवळ बसला होता म्हणून सरकारी छावणीत रवानगी. महिन्याच्या अखेरीस उत्तर अमेरिकेतील वैमानिकांच्या संघटनेने कंपन्यांस जाहीरपणे सांगितले की, हाँगकाँगचे मुक्काम थांबवा. तिची तक्रार तपासणीबद्दल नव्हती. निरोगी दिसणारा माणूस इतर रुग्णांबरोबर एका खोलीत कोंडला जातो, याबद्दल होती. कामगार संघटनेचे निवेदन कसे लिहावे याचा हा धडा आहे, असे आम्ही आमच्या पोरांना सांगतो. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये फेडेक्स कंपनीने तेथील वैमानिकांचा तळच उठविला.

परदेशी वैमानिकास मुक्काम टाळता येतो. हाँगकाँगचेच जे होते त्यांनी काय करावे? तेथील कॅथे पॅसिफिक कंपनीने ऑक्टोबर २०२० मध्ये साडेआठ हजार जागा कमी केल्या, आणि उरलेल्यांपुढे कमी पगाराचे नवे करार ठेवले. ही माणसे आधीच वाकलेली होती. त्यावर २० फेब्रुवारी २०२१ पासून परदेशी मुक्काम करून येणाऱ्यांस चौदा दिवस हॉटेलात विलगीकरण आणि नंतर सात दिवस देखरेख असा नियम आला. कंपनीने त्यातून चक्र काढले: तीन आठवडे उडावयाचे, दोन आठवडे खोलीत बंद राहावयाचे, दोन आठवडे घरी. म्हणजे सात आठवड्यांत पाच आठवडे मुलाबाळांचे तोंड पाहावयाचे नाही. महिन्यास तीस ते चाळीस कोटी हाँगकाँग डॉलर अधिक तोटा होईल, असे कंपनीने जाहीर केले. कंपनीचा तोटा मोजता आला. खोलीत बसलेल्या माणसाचा कोणी मोजला नाही.

श्रोतेहो, येथे आम्हास आमच्याच पक्षाविरुद्ध बोलावयाचे आहे. कामगाराची बाजू घ्यावयाची म्हणून सूट हीच न्याय्य होती असे म्हणणे सोपे आहे, आणि २०२० च्या उन्हाळ्यात आम्ही तसे म्हणतही होतो. तैवानने आम्हास गप्प केले. एप्रिल २०२१ मध्ये तेथील सरकारने मालवाहू वैमानिकांचे घरचे विलगीकरण पाच दिवसांवरून तीन दिवसांवर आणले. महिनाअखेर चायना एअरलाइन्सच्या वैमानिकांत आणि ताओयुआन विमानतळाजवळील हॉटेलात बाधित सापडू लागले. त्या हॉटेलच्या आवारात एकीकडे विलगीकरणातील कर्मचारी आणि दुसरीकडे साधे गिऱ्हाईक, अशी व्यवस्था होती. मे महिन्यात साथ बेटभर पसरली. तोवर वर्षभरात बारा माणसे मेली होती. त्या वर्षअखेर हा आकडा आठशेच्या वर गेला. दोहोंचा संबंध किती, यावर तेथे फार वाद झाला आणि तो मिटविण्याइतके आम्ही शहाणे नाही. पण सुटीचे दोन दिवस कोणाच्या सोईचे होते, हे विचारले पाहिजे. विमाने चालवावयास माणसे कमी पडत होती!

आणि सिडनीचे उदाहरण तर आम्ही आमच्या प्रत्येक सभेत देतो. तेथे विमान कर्मचाऱ्यांस तपासणी होती, ठराविक हॉटेलात कोंडणे होते. एमिरेट्स कंपनीने तर जानेवारी २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाचे नियम कडक होताच काही दिवस आपली उड्डाणे थांबविली होती. सगळे नियम विमानातून उतरणारासाठी. त्याला विमानतळावरून नेणाऱ्या मोटारीच्या ड्रायव्हरचे काय? १६ जून २०२१ रोजी साठी उलटलेला असा एक ड्रायव्हर डेल्टा जातीच्या विषाणूने बाधित सापडला. त्याने लस घेतलेली नव्हती, आणि तेव्हा ती त्याला सक्तीचीही नव्हती. वर्तमानपत्रांनी त्याला पिंजऱ्यात उभा केला. पोलिसांनी चौकशी केली तेव्हा कारवाई करण्याजोगे काही निघाले नाही. २६ जूनपासून ११ ऑक्टोबरपर्यंत सिडनी शहर बंद राहिले.

या ड्रायव्हरला पाहिले की आम्हास आमची माणसे दिसतात. २०२० मध्ये आमच्या विमानतळावरील एका ठेकेदाराने (नाव सांगत नाही) लोडर लोकांस तपासणीचा कागद आणल्याशिवाय आत घेणे बंद केले, आणि तपासणीचे पैसे पगारातून कापले. परदेशातून आलेल्या विमानाच्या पोटात शिरून सामान उतरविणारा माणूस स्वतःच्या तपासणीचे पैसे स्वतः भरीत होता. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांचे चाळीसावे कलम आम्ही त्याच सुमारास प्रथम वाचले. प्रवाशाच्या आरोग्यरक्षणाच्या तपासणीबद्दल किंवा विलगीकरणाबद्दल सरकारने पैसे घेऊ नयेत, असे त्यात आहे. कायम वा तात्पुरते राहावयास येणाऱ्यांपुरता अपवाद. पण कलम पडले प्रवाशाचे. लोडर प्रवासी कोठे होता? आम्ही साडेतीन महिने भांडलो आणि कापलेले पैसे परत घेतले, ते कलमाच्या जोरावर नव्हे, रात्रपाळी अडविण्याच्या जोरावर. तोवर दोघेजण कायमचे गावी गेले होते.

पुन्हा हाँगकाँगला जाऊ. नोव्हेंबर २०२१ मध्ये फ्रँकफुर्ट येथे मुक्काम केलेले कॅथेचे तीन मालवाहू वैमानिक बाधित निघाले. मुक्कामातील नियम मोडल्याबद्दल कंपनीने त्यांना काढून टाकले, आणि संपर्कातील शंभराहून अधिक सहकाऱ्यांस पेनीज बे येथील छावणीत एकवीस दिवसांसाठी पाठविण्यात आले. पीतज्वराचे सहा दिवस आठवा! मग नाताळात दोन कर्मचारी अमेरिकेहून आले. जाताना प्रवासी विमान आणि येताना मालवाहू विमान अशी योजना होती, आणि मालवाहू विमानाच्या कर्मचाऱ्यांस हॉटेलाऐवजी घरी तीन दिवस एवढेच बंधन होते. कायद्यातील ही फट त्या दोघांनी शोधलेली नव्हती. कामाचा तक्ता कंपनीचा होता. पण घरी बसावयाचे ते दोघे बाहेर पडले, हेही खरे. एकजण २७ डिसेंबरला एका उपाहारगृहात बापाबरोबर जेवला, आणि तेथून ओमायक्रॉन पसरला. त्यांची बाजू आम्ही घेत नाही. शहराच्या प्रमुख कॅरी लॅम यांनी कंपनीच्या अध्यक्षांस बोलावून जाब विचारला. दोघांची नोकरी गेली, जानेवारीत त्यांना अटक झाली. नियम आणखी आवळले गेले आणि कंपनीची प्रवासी वाहतूक साथीपूर्वीच्या शेकडा दोनवर आली, मालवाहतूक शेकडा वीसवर.

उपाहारगृहातील ती साखळी पुढे आटोक्यात आली. शहरावर जी मोठी लाट कोसळली तिचा माग लागला तो विलगीकरणासाठीच राखलेल्या एका हॉटेलात, तिथे विषाणू एका खोलीतून दुसरीकडे गेला होता. काही महिन्यांत नऊ हजारांवर माणसे मेली, त्यांत बहुतेक म्हातारी आणि पुष्कळशी लस न घेतलेली. दोन वर्षे विमानाच्या दाराशी जी दक्षता होती, तिच्या निम्मी तरी वृद्धाश्रमांच्या दाराशी लस पोचविण्यात दाखविली असती तर, असे आमच्या मनात येते.

सप्टेंबर २०२२ च्या अखेरीस हाँगकाँगने हॉटेलातील विलगीकरण उठविले. नोव्हेंबर महिन्यात त्या दोन कर्मचाऱ्यांस न्यायालयाने आठ आठवड्यांची कैद दिली. कामाचा तक्ता आखणारावर कोणता खटला झाल्याचे आमच्या वाचनात नाही.