बालविभागाची किल्ली
नगर जिल्ह्याच्या ग्रंथालय-इतिहासातील एक प्रकरण

अहमदनगर येथील जिल्हा वाचनालयाची स्थापना १८३८ सालची. महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत त्याची गणना होते. रत्नागिरीचे ग्रंथालय त्याच्या दहा वर्षे आधीचे, १८२८ चे. नाशिकचे १८४० चे आणि पुण्याचे १८४८ चे. म्हणजे विद्येचे माहेरघर म्हणून ज्या पुण्याचा उल्लेख होतो, त्याच्या आधी एक दशक नगरने वाचनालय उघडले होते. (२०२४ पासून शहराचे व जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, जुन्या काळाविषयी लिहिताना मी जुनेच नाव ठेवतो.) या प्राचीनत्वाचा अभिमान नगरकरांना आहे आणि तो रास्तही आहे. परंतु त्या काळच्या ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या संस्था कोणासाठी होत्या, हा प्रश्न अभिमानाच्या भरात सहसा विचारला जात नाही. इंग्रज अंमलदार, वकील, मामलेदार, शिक्षक आणि वर्गणी परवडणारे थोडे प्रतिष्ठित गृहस्थ हे तिचे वाचक. स्त्रिया नव्हत्या आणि मुले तर मुळीच नव्हती. लहान मुलाने वाचनालयात येऊन स्वतःच्या इच्छेने पुस्तक मागावे, ही कल्पनाच त्या पिढीला सुचलेली नव्हती.

मुलांसाठी मराठीत काही छापलेच जात नव्हते, असे मात्र नाही. रत्नागिरीचे ग्रंथालय सुरू झाले त्याच वर्षी, १८२८ मध्ये, सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ प्रसिद्ध झाले. इसापाच्या गोष्टीही त्यांनीच मराठीत आणल्या. नगरला तर या बाबतीत विशेष स्थान आहे. वाचनालयानंतर वर्षभरातच, १८३९ मध्ये, सिंथिया फरार ही अमेरिकन मिशनरी शिक्षिका नगरला आली. तिची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. १८४२ मध्ये नगरहून ‘ज्ञानोदय’ निघू लागला. पुढे १८७० च्या दशकात त्याच अमेरिकन मराठी मिशनने ‘बालबोधमेवा’ हे खास मुलांचे मासिक काढले. ज्यांना महाराष्ट्र फुलांमुलांचे कवी म्हणून ओळखतो ते नारायण वामन टिळक याच नगरात आणि राहुरीत राहिले. आपल्या कॅथलिक मंडळींनाही येथे सांगण्यासारखे आहे : जर्मन येशूसंघीय फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये ‘निरोप्या’ सुरू केला तो याच जिल्ह्यातील केंदळ येथून.

इतके असूनही मुलाच्या हाती पुस्तक जाई ते शाळेमार्फत. शिक्षक पुस्तक देतो ते शिकण्यासाठी. त्यावर तो प्रश्न विचारणार हे मुलाला ठाऊक असते. ग्रंथपाल पुस्तक देतो ते वाचण्यासाठी. आवडले नाही तर चार पाने वाचून ते परत करण्याचा अधिकार मुलाला असतो आणि त्याबद्दल त्याला कोणी रागावत नाही. हा भेद वरवर क्षुल्लक वाटतो. पण बालविभाग नावाची वस्तू याच भेदावर उभी आहे, आणि एकोणिसाव्या शतकातील नगरमध्ये, शाळा उत्तम असूनही, ती उभी राहिली नाही.

ती उभी राहिली बडोद्यात. महाराजा सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे, शेतकऱ्याच्या घरात जन्मलेले. १९०६ मध्ये त्यांनी संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शिकलेले मूल शाळा सुटल्यावर काही वर्षांत अक्षरे विसरते, हा अनुभव त्यांना आला आणि त्यावर उपाय म्हणून ते ग्रंथालयांकडे वळले. अमेरिकेतील विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन या ग्रंथपालास त्यांनी १९१० मध्ये बोलावून घेतले. बोर्डन तीनच वर्षे राहिले. तेवढ्यात त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालय घडविले आणि १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग चालविला. हिंदुस्थानातील हा अशा प्रकारचा पहिला वर्ग मानतात. जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी पुढे ते काम सांभाळले. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेड्यापाड्यांत फिरू लागल्या. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र दालन झाले. तेथे चित्रांची पुस्तके होती आणि खेळही होते. मुलांच्या वाचनाकडे पाहणारा माणूस शिकवून तयार करावा लागतो, हे बडोद्याने ओळखले होते.

हा विचार तेव्हा जगातही नवाच होता. अमेरिकेत कित्येक ग्रंथालये बारा-चौदा वर्षांखालील मुलांना दारातूनच परत पाठवीत. अ‍ॅन कॅरोल मूर या बाईंनी १९०६ मध्ये न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयातील मुलांच्या विभागाची सूत्रे हाती घेतली आणि गोष्टी सांगणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य ठरविले. त्याच दशकाच्या आरंभी पिट्सबर्ग येथे केवळ मुलांच्या ग्रंथपालांसाठी प्रशिक्षण सुरू झाले होते. बडोदा त्यांच्या फार मागे नव्हता.

मुंबई इलाखा मात्र पुष्कळ मागे राहिला. १९३९ मध्ये फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मध्यवर्ती ग्रंथालयापासून गावच्या ग्रंथालयापर्यंत पायऱ्यापायऱ्यांची योजना तिने मांडली; पैशाअभावी ती तशीच राहिली आणि १९४७ नंतर अंशतः अमलात आली. जिल्ह्याजिल्ह्यांत आधीपासून उभ्या असलेल्या खाजगी वाचनालयांनाच अनुदान देऊन जिल्हा व तालुका ग्रंथालये मानण्यात आले. दरम्यान १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानाने ग्रंथालय कायदा केला. देशातील तो पहिला. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा, अंमल १ मे १९६८ पासून. मद्रासच्या १९४८ च्या कायद्यात ग्रंथालयासाठी स्वतंत्र कर होता, आपल्या कायद्यात तो नाही. अर्थात आपली ग्रंथालये लोकांच्या वर्गणीवर आणि सरकारच्या अनुदानावर, अशा दोन काठ्या टेकीत चालतात. त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग केले आहेत. वरच्या वर्गाच्या ग्रंथालयाकडून बालविभागाची अपेक्षा असते. पण नोकरवर्गाची यादी पाहिली तर ग्रंथपाल, सहायक ग्रंथपाल, निर्गम सहायक, लिपिक, शिपाई ही पदे आढळतात. बालग्रंथपाल हे पद त्यात नाही. विभाग आहे, त्याचा माणूस नाही. माझ्या मते १९६७ च्या कायद्याचा हा मोठा दोष आहे, आणि कायद्याच्या गुणगौरवात तो झाकला जातो.

मग हे काम करते कोण? ज्याच्या वाट्याला येईल तो. तालुक्याच्या गावी बहुधा निर्गम सहायक, खेड्यात एकटा ग्रंथपाल. त्याचा दिवस पाहिला म्हणजे कामाची व्याप्ती ध्यानात येते. सकाळी वर्तमानपत्रे टाचून मांडणे, देवघेवीची नोंद, नव्या पुस्तकांची दाखलनोंद, शिक्के, वर्गणीच्या पावत्या ही कामे मोठ्यांच्या विभागातही असतात. शाळा सुटली की दुसरे पर्व सुरू होते. मुलांची पुस्तके मोठ्यांच्या पुस्तकांच्या कितीतरी आधी फाटतात. तेव्हा खळ करून पाने चिकटविणे, सुटलेले फर्मे शिवणे, जाड कागदाचे वेष्टन घालणे हे नित्याचे. दुसरीतल्या मुलाला मोठ्या टाइपाचे पुस्तक हवे. सातवीतला मुलगा तेच पाहून नाक मुरडतो. एखादी मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊनच येते, म्हणून तिला एका ऐवजी दोन पुस्तके द्यावी लागतात; एक तिचे, आणि एक त्याच्या हाती धरायला. कोणाला काय दिले, कोणी काय अर्ध्यावर परत आणले, हे रजिस्टरात लिहिण्यासाठी रकाना नसतो. ते डोक्यात ठेवावे लागते. आणि शनिवारी दुपारी गोष्ट सांगावी लागते, ती वाघाचा आवाज काढून.

या माणसाचे शिक्षण काय? ग्रंथालय संचालनालयाच्या देखरेखीखाली जिल्हा ग्रंथालय संघांनी चालविलेला प्रमाणपत्र वर्ग, हे बहुतेकांचे व्यावसायिक शिक्षण. त्याचा भर वर्गीकरण, तालिकीकरण आणि व्यवस्थापन यांवर. ती विद्या उपयुक्त आहे, पण मुलांपुढे ती तोकडी पडते. उदाहरण देतो. एक मुलगा येऊन म्हणतो, “मला वाघाचं पुस्तक पाहिजे.” ड्यूईच्या दशांश पद्धतीप्रमाणे वाघ तीन ठिकाणी राहतो. पंचतंत्रातला आणि लोककथेतला वाघ ३९८.२ मध्ये, प्राणिशास्त्रातला वाघ ५९९ मध्ये, आणि मराठी लेखकाच्या कथेतला वाघ ८९१.४६ मध्ये. मुलाला यांतला नेमका कोणता हवा, हे त्याला सांगता येत नाही, आणि वर्गात ते कोणी शिकविलेले नसते. अनुभवी ग्रंथपाल त्याला उलट विचारतो, “खरा, का गोष्टीतला?” नंतर तो आपल्या हिकमतीने बालविभागाची वेगळीच मांडणी करतो. वाघ-सिंह एका फळीवर, राजा-राणी दुसऱ्या, गोट्या आणि फास्टर फेणे तिसऱ्या. पाठीवर रंगीत कागदाची पट्टी. क्रमांक तपासनिसासाठी, पट्टी मुलासाठी. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले; वाचकाचा वेळ वाचवावा हा त्यांतील चौथा. रंगीत पट्टीचा ग्रंथपाल तो नियम पाळतो, मग त्याने तो वाचलेला असो वा नसो.

रंगनाथनांचा आग्रह मुक्तद्वार पद्धतीचा होता, बोर्डन यांचाही. वाचकाने स्वतः मांडणीपर्यंत जावे, हाताळावे, निवडावे. आपल्याकडे मात्र बालविभाग म्हटला की काचेचे कपाट आणि त्याला कुलूप हेच चित्र डोळ्यांपुढे येते. मुले बाहेरून नाक काचेला लावून पाठीवरची नावे वाचतात. याबद्दल ग्रंथपालाच्या कोत्या मनाला दोष देण्याची रीत आहे. ती मला अन्यायाची वाटते. वार्षिक तपासणीत पुस्तक कमी भरले तर जाब त्यालाच द्यावा लागतो, आणि तुटपुंज्या पगारातून भरपाई करण्याचे भय त्याच्या मानेवर असते. मूल पुस्तक हरवते हे गृहीत धरून काही टक्के तूट माफ करण्याची उदारता व्यवस्थेने दाखविली, तर किल्ली आपोआप खुंटीवर जाईल. तोवर ती कमरेलाच राहणार.

कपाटात काय असावे, हेही पूर्णपणे त्याच्या हाती नसते. अनुदानाचा काही भाग शासनमान्य यादीतील ग्रंथांवर खर्चावा लागतो. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानकडून, जे १९७२ मध्ये स्थापन झाले, पुस्तके येतात. त्यांची निवड समितीने केलेली असते. १९७१ पासून बालभारतीचे ‘किशोर’ मासिक अल्प किमतीत मिळू लागले, हा मोठा आधार. दुसरा आधार दुरून येत असे. सोव्हिएत रशियात छापलेली मराठी बालपुस्तके उत्तम चित्रांची आणि अतिशय स्वस्त होती. १९९१ मध्ये ते राज्यच मोडले आणि तो ओघ आटला. साम्यवादाविषयी आपली मते काहीही असोत, त्या पुस्तकांतील अस्वले आणि बर्फ महाराष्ट्रातील उन्हात वाढलेल्या एका पिढीच्या स्मरणात राहिले आहेत. त्या किमतीत तशी चित्रे पुन्हा मिळाली नाहीत.

आता पगाराचे बोलू. २०१२ मध्ये राज्यातील ग्रंथालयांची पडताळणी झाली, अनुदान वाढले आणि ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयास वर्षाला ३० हजार रुपये मिळू लागले. त्यातील निम्मी रक्कम वेतनाची, म्हणजे महिन्याला १,२५० रुपये. २०२२ मध्ये शासनाने अनुदानात ६० टक्के वाढ केली. रक्कम ४८ हजार झाली, वेतनाचा वाटा महिन्याला दोन हजार. शेतमजुरीचा आठवड्याचा हिशेब ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या आकड्यावर भाष्य नको. गावचा ग्रंथपाल हा म्हणूनच सकाळी दूध घालणारा, दुपारी शिलाई करणारा आणि सायंकाळी दोन-तीन तास वाचनालय उघडणारा असतो. वाघाचा आवाज त्यानेच काढायचा.

नगर जिल्ह्यात आणखी एक अडचण आहे, जी बडोद्याच्या किंवा न्यूयॉर्कच्या ग्रंथपालाला कधी आली नसेल. हा साखरेचा जिल्हा. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० चा, हरेगावचा बेलापूर कंपनीचा त्याहून जुना. पाथर्डी, शेवगाव या कोरडवाहू भागांतील कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीस निघतात आणि हंगाम संपल्यावर परततात. मुले बहुधा बरोबरच जातात. अशा मुलाला सभासद करावे कसे? अनामत भरायला पैसे नाहीत, पत्ता सहा महिने उसाच्या फडातला, आणि पुस्तक बरोबर गेले तर ते कोपीतल्या चुलीजवळून परत कधी येईल याचा भरवसा नाही. नियमाप्रमाणे नाही म्हणणे सोपे. जे ग्रंथपाल हो म्हणतात, ते अनामत स्वतःच्या खिशातून भरतात किंवा फाटक्या, दप्तरातून बाद झालेल्या पुस्तकांचा गठ्ठा निघताना मुलाच्या हाती देतात. बाद झालेल्या पुस्तकाचा जाब कोणी विचारीत नाही.

ही मुले गावी परततात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी. तेव्हा शाळेच्या परीक्षा चालू असतात किंवा संपलेल्या असतात. मे महिन्यात शाळेला, आणि शाळेबरोबर तिच्या ग्रंथालयालाही, कुलूप लागते. आपल्या धर्मग्रामांतील बोर्डिंगही त्या दिवसांत ओस पडतात. जूनमध्ये घंटा होईपर्यंत गावात मुलांसाठी छपराखालची उघडी जागा उरते ती सार्वजनिक वाचनालयाची, तीही सायंकाळचे दोन-तीन तास.