पाचवी अनुसूची आणि पेसा: आपल्या ग्रामसभेच्या हातात नेमकं काय आहे?

26 जानेवारीला शाळेच्या पटांगणात झेंडा चढतो, उद्देशिका वाचली जाते. त्याच राज्यघटनेत पालघरसारख्या आदिवासी भागासाठी खास लिहिलेली पाचवी अनुसूची आहे. ती मात्र क्वचितच कुणी वाचून दाखवतं. म्हणून ही माहिती जपून ठेवा.

वेठ बंद कशी झाली?
1945 साली तलासरीतल्या झरी गावच्या सभेतून वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला. गोदावरी परुळेकर त्यात पुढे होत्या. 1950 ला घटना लागू झाली आणि कलम 23 ने वेठबिगारीवर देशभर बंदी आली. जो हक्क घटनेने दिला, तो आपल्या लोकांनी आधीच मागितला होता.

कुठली गावं येतात?
डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा हे तालुके पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहेत. पालघर आणि वसई तालुक्यांतली फक्त काही गावं यादीत आहेत. त्यामुळे आपलं गाव यादीत आहे का, हे तहसील किंवा पंचायत समितीत विचारून घ्या.

कायदा 1996 चा, नियम 2014 चे
अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा संसदेने डिसेंबर 1996 मध्ये केला. राज्यांनी आपले कायदे एका वर्षात त्याच्याशी जुळवून घ्यायचे होते. महाराष्ट्राचे पेसा नियम आले मार्च 2014 मध्ये. मधली 17 वर्षं अनेक गावांना आपला हक्क काय, हेच माहीत नव्हतं.

ग्रामसभा काय करू शकते?
- जमीन: भूसंपादनाआधी सल्लामसलत करणं पेसाने बंधनकारक केलं. 2013 चा भूसंपादन कायदा त्यापुढे जाऊन अनुसूचित क्षेत्रात आधी संमती घ्या म्हणतो. मात्र रेल्वे, महामार्ग अशा काही कायद्यांखालच्या संपादनाचे नियम वेगळे आहेत. नोटीस कुठल्या कायद्याखाली आली, ते आधी बघा.
- आदिवासींची जमीन: जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीच्या नावावर होत नाही.
- गौण वनउपज: मोह, तेंदू, बांबू यांवर मालकी ग्रामसभेची.
- दगडखाण: गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी गावाची शिफारस लागते.
- दारू, गावचा बाजार, सावकारी: यांवर नियंत्रण.
- पाडा: महसुली गावापासून वेगळा पाडा स्वतःची ग्रामसभा मागू शकतो.
- निधी: आदिवासी उपयोजनेतले 5 टक्के पैसे थेट पेसा ग्रामपंचायतींना देण्याचा निर्णय 2015 मध्ये झाला. खर्च कशावर करायचा, हे ग्रामसभेने ठरवायचं.

बोईसर-तारापूरवाल्यांचं काय?
गाव यादीत नसलं तरी घटना आहेच. कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्कात स्वच्छ हवा-पाणी येतं, हे सुप्रीम कोर्टाने 1991 मध्येच सांगितलं. तारापूर एमआयडीसीच्या सांडपाण्याने खाडी आणि मासेमारी खराब झाली, म्हणून मांगेला समाज परिषद हरित लवादात गेली. अणुऊर्जा केंद्राच्या 3 आणि 4 नंबरच्या संचांसाठी उठलेल्या अक्करपट्टी आणि पोफरणच्या पुनर्वसनाचं भांडण हायकोर्टापर्यंत गेलं. हक्क कागदावर होता, पण तो मागायला लोकांना कोर्टाची पायरी चढावी लागली.

ठराव टिकायचा तर
बुलेट ट्रेनच्या वेळी जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. नुसता हात वर करून भागत नाही. पुढच्या सभेला एवढं करा:
1. विषय अजेंड्यावर आहे का, ते आधी बघा. नसेल तर लेखी द्या.
2. ठराव इतिवृत्तात लिहून, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून घ्या. मगच सही-अंगठा.
3. ठरावाची नक्कल मागा. तहसीलदार, प्रांत किंवा डहाणू-जव्हारच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयात दिली की पोच घ्या.
4. उत्तर आलं नाही तर 10 रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करा. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही.

कोरं इतिवृत्त आणि रिकाम्या ओळींवर सही करू नका. नंतर त्या ओळींत काय लिहिलं जाईल, ते आपल्या हातात राहत नाही.